घोडा ‘आळशी’ झालाय? आधी पाय बघा, मग श्वास मोजा

मागच्या पावसाळ्यात तीन आठवडे मी माझ्या घोडीला ‘हट्टी’ म्हणत होतो. डाव्या हाताच्या वर्तुळात कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची, उड्यांची चाल, मागितला की ती कान मागे टाकायची, कशीबशी चार उड्या घ्यायची आणि पुन्हा दुडकीवर यायची. क्लबातल्या दोघातिघांचा सल्ला एकच, ‘छडी दाखव, ऐकेल.’ दाखवली. ऐकलं नाही. शेवटी आमच्या मोतद्दारांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, तिचा पुढचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खुराच्या तळव्यावर अंगठा दाबला. तिने पाय झटकन ओढून घेतला. मामा माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘साहेब, ऐकायचं तुमचं राहिलंय. तिचं नाही.’

मुरमातला खडा लागून तळवा आतून दुखावला होता. वर पावसाने खूर मऊ पडलेले. दहा दिवसांच्या विश्रांतीत घोडी बरी झाली, पण तीन आठवडे ती सांगत होती आणि मी छडी शोधत होतो, ही गोष्ट मनातून जात नाही. हा लेख पुण्यात नव्याने घोडा घेणाऱ्यांसाठी किंवा अर्ध्या भाड्याने वापरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही निदान करावं अशी अपेक्षा नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण वेळेत बघायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

पाय आणि श्वास मी एकत्र का घेतोय, ते आधी सांगतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. आणि कँटर किंवा भरधाव पळताना त्याचा श्वास पावलांना बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास. पुढचे पाय हवेत पसरले की आत, आघाडीचा, म्हणजे शेवटी टेकणारा पुढचा पाय जमिनीवर आदळला की बाहेर. त्यामुळे पाय दुखणारा घोडा उडी आखडतो आणि दम लागल्यासारखा वाटतो. दम न पुरणारा घोडा पाऊल आखडतो आणि लंगडा किंवा कामचुकार वाटतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि दोघांवरही ‘आळशी’ हा एकच शिक्का बसतो.

पहिली पायरी: घोडा चांगला असतानाच आकडे लिहा

नवखे लोक घोडा आजारी पडल्यावर थर्मामीटर शोधतात. तेव्हा आकडा मिळतो, पण तो या घोड्यासाठी जास्त आहे की नेहमीचाच, ते कळत नाही. म्हणून घोडा ठणठणीत असताना सलग सात दिवस, सकाळी चाऱ्याआधी, तीन गोष्टी वहीत लिहा.

श्वास: दोन पावलं लांब उभे राहा आणि बरगड्यांच्या मागची कूस वरखाली होते ती मोजा. विश्रांतीत मिनिटाला 8 ते 16. जवळ जाऊन नाकापुढे हात धरू नका, तो हुंगायला लागतो आणि मोजणी बिघडते.

नाडी: जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर दोरीसारखी रक्तवाहिनी बोटाखाली सरकते, तिथे. मिनिटाला साधारण 28 ते 44. पहिले दोन दिवस सापडत नाही, तिसऱ्या दिवशी सापडते.

ताप: मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याला सुतळी आणि सुतळीला चिमटा लावून चिमटा शेपटीच्या केसांना अडकवा. घोड्याच्या मागे नाही, बाजूला उभे राहा. 99 ते 101.5 फॅरनहाइट ठीक.

चौथी गोष्ट मोजायची नाही, हाताला शिकवायची. फेटलॉक, म्हणजे खुराच्या वर जो फुगीर सांधा दिसतो तो, त्याच्या मागच्या दोन्ही बाजूंना खुराकडे जाणारी नाडी असते. निरोगी घोड्यात ती इतकी मंद की नवख्याला लागतच नाही. खुरात सूज किंवा पू असेल तर ती ठणठण उडते. मंद नाडी कशी असते हे रोज चाचपलेलं असेल, तरच उडती नाडी लगेच कळेल.

दुसरी पायरी: रोज हात फिरवणं

खरारा करताना पाय शेवटी आणि घाईत होतात. उलट करा. गुडघ्याखाली, पायाच्या मागच्या बाजूला दोन दोऱ्यांसारख्या शिरा हाताला लागतात. शिरा म्हणजे इथे स्नायूबंध, रक्तवाहिन्या नाहीत. बोटं आणि अंगठ्यात धरून वरून खाली सावकाश या. डावा झाला की लगेच उजवा. एकट्या पायाची तपासणी फसवते, खरी माहिती दोन पायांच्या फरकात असते. एक पाय कोमट आणि दुसरा गार, एक शीर कडक आणि दुसरी किंचित फुगीर, एवढं कळलं तरी पुष्कळ. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत असे घोडे बरेच येतात आणि पुढच्या पायाच्या मागच्या शिरेची जुनी दुखापत पुष्कळांत असते. बाजूने बघितलं की ती शीर धनुष्यासारखी बाहेर आलेली दिसते. जुनी, गार आणि कडक असेल तर घोडा हलकं काम आनंदाने करू शकतो. गरम लागली तर त्या दिवशी स्वारी नाही.

खूर रोज साफ करा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात दोनदा. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी रबरी भागाच्या खाचांत काळा, सडका वास येणारा लगदा दिसला तर ती कूज आहे. त्याकडे दुर्लक्ष करून लोक महागड्या पावडरी खाऊ घालतात. खाली जमीन कोरडी करा, निम्मं काम होतं.

नालबंदाची तारीखही वहीत हवी. पाच ते सहा आठवड्यांनी फेरी झालीच पाहिजे, ‘नाल अजून घट्ट आहे’ हे थांबण्याचं कारण नव्हे. खूर वाढला की त्याचं पुढचं टोक लांबतं आणि मागच्या शिरांवर ताण येतो. नाल ठोकल्यावर एकदोन दिवसांत घोडा लंगडला तर एखादा खिळा जिवंत भागाजवळ गेल्याची शंका पहिली घ्या आणि नालबंदाला लगेच परत बोलवा. चांगले नालबंद या फोनला रागावत नाहीत.

तिसरी पायरी: दुडकीचा व्हिडिओ

लंगडणं बघायला दुडकीच लागते. चालीत वेग कमी म्हणून फरक झाकला जातो, कँटर मुळातच असमान. दुडकीत कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकत्र पडतात, त्यामुळे ठेका बिघडला की डोळ्याआधी कानाला कळतं. सपाट, टणक अशी तीसेक मीटरची सरळ वाट निवडा. क्लबाबाहेरचा सकाळचा डांबरी रस्ता उत्तम, पेव्हर ब्लॉक नको, त्यावर नाल घसरते. मोतद्दाराला सांगा, दोरी सैल धरा, डोकं मोकळं सोडा. आखडून धरलेलं डोकं काहीच सांगत नाही. तुम्ही जमिनीवर बसून समोरून, मागून आणि बाजूने फोनच्या स्लो मोशनमध्ये टिपा.

पुढच्या पायासाठी डोकं बघायचं. दुखरा पाय टेकतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर भार कमी पडावा. चांगला पाय टेकतो तेव्हा डोकं खाली येतं. नवखे हमखास उलटं वाचतात, डोकं खाली गेलं तो पाय दुखरा असं समजतात. मामांची सांगण्याची पद्धत अशी: ‘ज्या पायाला मान देतो, तो चांगला.’

मागच्या पायासाठी डोकं नाही, पुठ्ठे बघा. दोन्ही पुठ्ठ्यांच्या हाडावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मागून टिपा. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा जास्त वरखाली होत असेल तर त्या बाजूला काहीतरी आहे. मागचा पाय घासत चालतो का, नालेचं टोक एकाच पायाचं जास्त झिजलंय का, तेही बघा.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्हीत मी पडलोय. एक, मागचा डावा पाय दुखत असेल तरी डोकं असं हलतं की पुढचा डावा दुखतोय असं वाटतं. दोन, पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही. घोडा फक्त आखूड, चोरटी पावलं टाकतो, उतारावर कुरकुरतो आणि लोक म्हणतात, ‘याची चालच अशी आहे.’

नंतर दोरीवर वर्तुळात, दोन्ही हातांना, आधी टणक आणि मग मऊ जमिनीवर. टणक जमिनीवर वाढणारं लंगडणं बहुधा खुरातलं किंवा हाडा-सांध्यातलं असतं. रेतीच्या रिंगणात वाढलं तर शिरा आणि बंधांकडे संशय जातो. हा नियम शंभर टक्के नाही, पण डॉक्टरांना फोनवर हे सांगितलंत तर त्यांचा पहिला प्रश्न वाचतो.

स्वारी करताना मिळणाऱ्या खुणा वेगळ्या: खोगीर एकाच बाजूला सरकतं, दुडकीत एका कर्णावर उठबस सोपी आणि दुसऱ्यावर धक्के, एका हाताचा कँटर नाकारणं, काल उडी मारलेल्या अडथळ्यापुढे आज थांबणं. दात आणि खोगिराची बसणी याच यादीत येतात, तीही एकदा तपासून घ्या.

चौथी पायरी: श्वासाचा आवाज

कँटरमध्ये घोडा ‘फर्र फर्र’ करतो तो बहुतेक वेळा नाकपुडीचा पडदा फडफडल्याचा, श्वास सोडतानाचा आवाज असतो. ताज्यातवान्या, उत्साही घोड्यात तो हमखास येतो आणि काम वाढलं की कमी होतो. त्याला घाबरू नका.

घाबरायचा आवाज आत घेतानाचा. आत की बाहेर, हे ओळखायला वर सांगितलेला पावलांचा नियम वापरा: आघाडीचा पाय आदळतो त्या क्षणी जो आवाज येतो तो बाहेरचा, दोन आदळण्यांच्या मध्ये जो येतो तो आतला. मध्ये शिट्टी किंवा करवतीसारखी घरघर असेल आणि वेग वाढेल तशी ती वाढत असेल, तर स्वरयंत्राच्या डाव्या बाजूचा लकवा असू शकतो. तिथल्या स्नायूला जाणारी डावी नस गळ्यातून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत घशापर्यंत चढते. एवढा लांबचा प्रवास उंच घोड्यांत आणखी लांब होतो, म्हणून हा त्रास मोठ्या थरोब्रेडमध्ये दिसतो, आपल्या भीमथडी तट्टात सहसा नाही. स्वरयंत्राची डावी पाकळी पूर्ण उघडत नाही आणि हवा अर्ध्या दारातून जाते. छडीने दार उघडत नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती गरजेची आहे का हे एंडोस्कोपीनंतरच ठरतं. बागेत हळू फिरणाऱ्या घोड्याला बहुधा काहीच करावं लागत नाही.

दुसरा प्रकार: घोडा झकास पळतोय, मध्येच घशात पाणी अडकल्यासारखा ‘घुरर्र’ आवाज, वेग कोसळतो, दोनचार घोट गिळल्यासारखं करतो आणि पुन्हा ठीक. मऊ टाळू जागेवरून सरकून हवेच्या वाटेत येतो, त्याचा हा आवाज. उभ्या घोड्यात सगळं नीट दिसतं, त्यामुळे तुमचा व्हिडिओ इथे सोन्यासारखा. फोन खिशात ठेवून नुसता आवाज टिपला तरी चालेल.

जोरदार पळानंतर नाकातून रक्ताची रेघ आली तर ती फुप्फुसातून असू शकते. रेसच्या घोड्यांत फुप्फुसातला रक्तस्राव पुष्कळ आढळतो, पण नाकापर्यंत रक्त येतं ते थोड्यांत. बाकीच्यांत पळ संपल्यावर अर्ध्या ते दीड तासात एंडोस्कोपी केली तरच दिसतं. रक्त पुसून फोटो न काढता घोड्याला घरी पाठवू नका.

आणि ज्या घोड्याला घाम कमी येतो किंवा येतच नाही, तो कामानंतर कुत्र्यासारखा धापा टाकतो. गरम, दमट हवेत राहणाऱ्या घोड्यांत हे दिसतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात कातडी कोरडी, गरम आणि श्वास जोरात असं दिसलं की आधी सावली आणि भरपूर पाणी अंगावर, नंतर चर्चा.

पाचवी पायरी: पागेची हवा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. साध्या क्लबातल्या घोड्यांचा खोकला मी जेवढा बघितलाय तो बहुतेक धुळीचा. काम सुरू करताना पहिल्या पाच मिनिटांत दोनतीनदा खोकणं, नाकात पांढरट चिकट शेंबूड, कँटर नेहमीपेक्षा लवकर सोडणं ही घोड्याच्या दम्याची सौम्य सुरुवात असू शकते. वय झालेल्या घोड्यात पुढे श्वास सोडताना पोट आवळतं आणि बरगड्यांच्या खालच्या कडेला एक चर उमटते. ती चर दिसली म्हणजे उशीर झालाय.

एकदा खाली उकिडवे बसा, घोडा झोपतो त्या उंचीवर, आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर लघवीचा अमोनिया आहे. घोडा रात्रभर तोच हुंगतो. अंथरलेला पेंढा मुठीत घेऊन उन्हाच्या तिरिपेत झटका. किती धूळ उडते ते बघा.

उपाय स्वस्त आहेत. सुकं गवत देण्याआधी अर्धा तास पाण्यात बुडवा, नुसतं वर शिंपडलेलं पुरत नाही. निथळलेलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं, ते फेकून द्या. उन्हाळ्यात भिजवलेलं गवत संध्याकाळपर्यंत आंबतं, तेव्हा एका वेळचंच भिजवा. चारा उंच जाळीत न टांगता जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की शेंबूड आपोआप निथळतो. खराटा मारताना घोडा बाहेर बांधा. आमच्या क्लबात हा नियम मान्य करून घ्यायला मला दोन दिवाळ्या लागल्या. मोतद्दारांना दोष देऊ नका, पहाटे वीस घोडे एकट्याने सोडून बांधणं सोपं नाही. एक जादा माणूस ठेवायला क्लबमालकाला पटवा.

पुणे-मुंबई किंवा त्याहून लांबचा ट्रकप्रवास असेल तर मान उंच आखडून बांधू देऊ नका. डोकं तासन्‌तास वर राहिलं की घाण छातीत उतरते आणि दोनतीन दिवसांनी तापासकट छातीचा संसर्ग उभा राहतो. दर काही तासांनी थांबून डोकं खाली घालू द्या. पोचल्यावर तीन दिवस ताप मोजा.

सहावी पायरी: संसर्ग वाटला तर

ताप, नाकातून पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठी: घोडा वेगळा बांधा, बादली वेगळी, त्याला बघणारा माणूस शेवटी त्याच्याकडे जाणार. इन्फ्लुएन्झा आणि स्ट्रँगल्स (जबड्याखाली गाठी आणणारा संसर्ग) पागेभर पसरायला एक ओला हात पुरतो. ग्लँडर्स हा त्याहून गंभीर, माणसालाही होणारा आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग. त्याच्या तपासणीची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. नवा घोडा, मग तो सारंगखेड्याच्या बाजारातला असो की ओळखीतला, या तपासणीचा अहवाल बघितल्याशिवाय आपल्या पागेत आणू नका. विक्रेता ‘घरचा घोडा आहे’ म्हणाला तरी.

सातवी पायरी: डॉक्टर येईपर्यंत

पाय जमिनीला टेकवतच नाही, शीर गरम आणि सुजलेली, सावलीत अर्धा तास उभं राहूनही श्वास तिसाच्या वर, 101.5 च्या वर ताप, नाकातून रक्त, किंवा कामानंतर पुठ्ठे दगडासारखे कडक आणि लघवी कॉफीच्या रंगाची: यातलं काहीही दिसलं की लगेच फोन. शेवटच्या प्रकारात घोड्याला ‘मोकळं करायला’ चालवू नका. ते लंगडणं नाही, स्नायू मोडतायत.

अचानक तीन पायांवर आलेला घोडा बघून सगळ्यांना हाड मोडल्याचीच भीती वाटते. पुष्कळदा खुरात पू झालेला असतो. वाट करून दिली की दुसऱ्या दिवशी चालतो. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर उपटायचा मोह आवरा. आधी फोटो काढा आणि खिळा आणखी आत जाणार नाही असा आधार बांधा. मधल्या रबरी भागातला खिळा आतल्या सांध्यापर्यंत पोचू शकतो, आणि तो कुठे, किती खोल होता हे एक्स-रेत दिसलं तर घोडा वाचतो. धनुर्वाताच्या लशीची तारीख वहीत आहे ना, ते बघा.

शीर गरम असेल तर थंड पाण्याचा पाइप पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनतीनदा. वेदनाशामकाचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने नाही. दुखणं झाकलं की तपासणी फसते आणि घोडा दुखऱ्या पायावर धावतो. मला एकदा असाच ‘एकदम फिट’ घोडा दाखवला होता. चौथ्या दिवशी औषध उतरलं, मग त्याला पागेबाहेर काढता येईना. तेव्हापासून विकत घेण्याआधीच्या तपासणीत रक्ताचा नमुना घ्यायला मी सांगतो.

पुण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, घोडा नेहमी बघणारे डॉक्टर मोजके. त्यांचा नंबर घोडा घेण्याआधी मिळवा. सातारा रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही लक्षात असू द्या.

डॉक्टर काय करतील याची कल्पना असावी: खूर चिमट्याने दाबणं, सांधा मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकी, मग खालून वर एकेक भाग बधिर करून लंगडणं कुठे थांबतं ते बघणं, आणि जागा सापडल्यावरच एक्स-रे किंवा सोनोग्राफी. ‘आधी सगळ्या पायांचे एक्स-रे काढा’ असा आग्रह धरू नका, पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही.

आठवी पायरी: परत काम

तापाच्या आजारानंतर जुना हिशोब असा: तापाचा एक दिवस, तर विश्रांतीचा एक आठवडा. शिरेच्या दुखापतीत नऊ महिने ते वर्ष. सूज उतरली म्हणून तिसऱ्या आठवड्यात कँटर केलेल्या घोड्याची शीर पुन्हा तुटते, आणि दुसऱ्यांदा ती पहिल्यासारखी भरत नाही. सुरुवात हातात धरून चालण्याने, मग दुडकीची दोन मिनिटं, मग पाच.

सावरणं मोजायला एन्ड्युरन्सवाल्यांचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीवाल्यांचा, आकडा उसना घ्या: काम संपल्यावर पंधरा मिनिटांत नाडी 64 च्या खाली. आपल्या हलक्या कामात ती त्याच्याही बरीच खाली यायला हवी. येत नसेल तर कालपेक्षा आज काम जास्त झालं, किंवा कुठेतरी दुखतंय.

फोन करण्याआधी डॉक्टरांना पाठवायचा मेसेज असा असावा. हा माझा, मागच्या महिन्यातला: ‘घोडी, 9 वर्षं, थरोब्रेड. चार दिवस डाव्या हाताला कँटर नाही. ताप 100.2, श्वास 12, नाडी 36. नाल 3 आठवड्यांपूर्वी. पाय गार, खुराची नाडी मंद. टणक जमिनीवर फरक नाही, रेतीत जास्त. पुढचा डावा वाटतो. तीन व्हिडिओ जोडलेत. औषध काहीही दिलेलं नाही.’

दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘छान टिपलंय. पुढचा नाही, मागचा डावा. उद्या सात वाजता येतो, रेती ओली करून ठेवा.’